फौजेत समलिंगी जवानाला उघडपणे राहू द्यावं का?

प्रश्न अमळनेर तालुक्यातल्या एका थोरल्या भावाचा आहे. धाकटा एकोणीस वर्षांचा, अग्निवीर भरतीची तयारी करतोय, सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत मारतो. दिवाळीत त्याने भावाला एकट्याला गाठून सांगितलं की मला मुली नाही, मुलं आवडतात. आता भाऊ विचारतोय की याला फौजेत जाऊ द्यावं का, गेला तर तिथे सांगावं का, आणि मुळात अशा माणसांना लष्करात उघडपणे राहू दिलं पाहिजे असं तुम्हाला वाटतं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, राहू दिलं पाहिजे. मधल्या प्रश्नाचं उत्तर मात्र आजच्या घडीला 'पलटणीत सांगू नये' असंच आहे. काय व्हायला हवं ते वेगळं आणि आज कागदावर काय आहे ते वेगळं. तुमच्या भावाला नोकरी करायची आहे ती आजच्या कागदाखाली.

मी पायदळात शिपाई म्हणून लागलो आणि सुभेदार होऊन घरी आलो. आता पारोळ्याकडे पहाटे पोरांना भरतीसाठी पळवतो. वकील नाही, पण पेशी (आरोप लागलेल्याला साहेबासमोर उभं करणं), चौकशी, समरी कोर्ट मार्शल म्हणजे पलटणीतच चालणारा झटपट लष्करी खटला, हे सगळं जवळून पाहिलंय. समरी कोर्ट मार्शल कमांडिंग ऑफिसर एकटाच चालवतो. सोबत दोन अधिकारी किंवा जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे कनिष्ठ अधिकारी, बसवावे लागतात. ते निकाल देत नाहीत, पण सुरुवातीपासून शेवटपर्यंत तिथे हजर असतात. त्या खुर्चीत मी बसलेलो आहे, म्हणून लिहायचं धाडस करतो.

आधी कायदा. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी नवतेज सिंग जोहर खटल्यात सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने, खासगीत ठेवलेले संबंध हा गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६० साली लिहिलेलं कलम ३७७ तेवढ्यापुरतं संपलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात तर ते कलमच नाही. म्हणजे तुमचा भाऊ अमळनेरात असताना कायद्याच्या दृष्टीने त्याच्यात काहीही वावगं नाही.

पण वर्दी चढवली की माणूस दोन कायद्यांखाली येतो. दुसरा म्हणजे सेना अधिनियम, १९५०. त्याच्या कलम ४६ मध्ये क्रूर, असभ्य किंवा 'अनैसर्गिक' स्वरूपाच्या लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. अधिकारी आणि जेसीओंसाठी कलम ४५ आहे, हुद्द्याला न शोभणारं वागणं. आणि कशातच बसवता आलं नाही तर कलम ६३ आहेच, सुव्यवस्था आणि शिस्तीला बाधा. आम्ही त्याला गंमतीने धान्याचं पोतं म्हणायचो, काहीही घाला, मावतं. २०१८ च्या निकालाने या कलमांना हात लावला नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३३ प्रमाणे सैनिकांच्या मूलभूत हक्कांवर संसद कायद्याने मर्यादा घालू शकते, त्याचा आधार इथे घेतला जातो. जानेवारी २०१९ मध्ये तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल बिपिन रावत यांनी वार्षिक पत्रकार परिषदेत उघडच सांगितलं की सैन्यात हे चालू देणार नाही. २०२२ च्या सुरुवातीला समलिंगी सैनिकाची गोष्ट सांगणाऱ्या एका पटकथेला संरक्षण मंत्रालयाने ना-हरकत प्रमाणपत्र नाकारलं. वरचा वारा कुठल्या दिशेने आहे ते यावरून कळावं.

आता यात एक बारकावा आहे आणि तुमच्या भावासाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा. ही कलमं वर्तनाबद्दल बोलतात. माणूस मनाने कोण आहे, हे त्यांत कुठेच लिहिलेलं नाही. भरतीच्या अर्जात तसा रकाना नाही. मेडिकलला डॉक्टर मूळव्याध बघतात, हर्निया बघतात, गुडघे जुळतात का, तळवा सपाट आहे का, कानात मळ आहे का, सगळं बघतात. पण तुला कोण आवडतं, हे विचारत नाहीत. भरतीच्या वेळी विचारलेल्या प्रश्नाला जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर कलम ४४ लागतं. जे विचारलंच नाही ते न सांगणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे. म्हणून 'मी फसवून भरती होतोय' असलं ओझं डोक्यावर घेऊन त्याने धावू नये.

प्रत्यक्षात काय होतं? कोर्ट मार्शल क्वचित. कुठल्याच कमांडिंग ऑफिसरला आपल्या पलटणीचं नाव असल्या प्रकरणात वर जायला नको असतं. त्यामुळे मामला दाबला जातो, आणि दाबायचे रस्ते ठरलेले आहेत. पोस्टिंग, मानसोपचार विभागात रवानगी, बारीकसारीक कारणांवरून शिक्षेच्या लाल शाईच्या नोंदी, आणि नोंदी पुरेशा साठल्या की आर्मी रूल १३ खाली 'सेवेची गरज नाही' म्हणून घरी. कागदावर खरं कारण कुठेच नसतं. ज्याचं कारणच लिहिलेलं नाही त्याच्याविरुद्ध माणूस लढणार तरी कसा?

आणि हेही सगळं नंतरचं. बराकीत त्याआधी जे घडतं ते कुठल्याच कागदावर येत नाही.

माझ्या कंपनीत एक जवान होता. पलटण, साल, गाव काही सांगणार नाही. रेडिओ सेटवर हात असा बसलेला की बर्फाच्या पोस्टवर वाऱ्यात खरखर चालली असली तरी हा निरोप बरोबर उचलायचा. तो एकदम ढेपाळला. संतरी ड्यूटीच्या यादीत त्याचं नाव सारखं रात्री दोन ते चारला. कॅन्टीनचा दारूचा कोटा उचलायचा, पण बाटली त्याच्या ट्रंकेत कधी दिसायची नाही. महिन्याच्या पाच तारखेला हा इतरांकडे उसने मागायला लागला. मग सुट्टीवर गेला तो वेळेवर परतलाच नाही. ओव्हरस्टे म्हणून पेशीला उभा राहण्याआधी मी त्याला लंगरमागे, म्हणजे स्वयंपाकघरामागे, बसवून चहा पाजला आणि विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग एकेक सांगितलं. एका हवालदाराने चार्जिंगला लावलेल्या त्याच्या फोनवर कुणा मुलाशी झालेलं बोलणं वाचलं होतं. तेव्हापासून पैसे, रम, ड्यूट्या, सगळं त्या हवालदाराच्या मर्जीने. 'साहेब, घरी कळवीन म्हणतो,' एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. पेशीची भीती त्याला नव्हतीच. भीती होती ती गावाची, आईची, आणि 'लोके काय म्हनतीन' याची.

कंपनी कमांडर समजूतदार होता. पेशी झाली ती हवालदाराची. टोपी उतार, बेल्ट उतार, तेज चल. इतके महिने दुसऱ्याला नाचवणारा माणूस बोडक्या डोक्याने सावधानमध्ये उभा होता. सेना अधिनियमात कलम ४७ आहे, हाताखालच्या माणसाला छळणं. त्याखाली आरोप लागला, आणि पैसे उकळल्याचा वेगळा. जवानाला कोण आवडतं हा प्रश्न त्या कागदावर आलाच नाही, कारण त्याची गरजच पडली नाही. पुढे तो जवान नोकरी पूर्ण करून, पेन्शन घेऊन गेला.

आता सांगा, शिस्त कुणी मोडली होती? एकाने कुणाला इजा केली नव्हती, छळ सुरू होईपर्यंत ड्यूटी चुकवली नव्हती. दुसऱ्याने एका चांगल्या रेडिओ ऑपरेटरला महिनोन्महिने निकामी करून ठेवलं होतं. आणि ते शक्य झालं, कारण त्या पोराकडे लपवायला काहीतरी होतं. हवालदाराच्या जागी सीमेपलीकडचा कुणी असता तर? २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ अ‍ॅप फोनमधून काढायला लावली, त्यांत फेसबुक होतं, डेटिंगची अ‍ॅपही होती. भीती हीच, की माणूस गुपितात अडकतो आणि मग माहिती देतो. जे उघड आहे त्यावरून कुणाला ब्लॅकमेल करता येत नाही. सुरक्षेच्या नावाखाली बंदीची बाजू मांडणाऱ्यांना मी हे नेहमी विचारतो. आजवर सरळ उत्तर मिळालेलं नाही.

दुसरा मुद्दा नेहमी येतो तो खेड्यातल्या पोरांचा. 'आमचे जवान ग्रामीण भागातले, त्यांना हे पचणार नाही.' हे ऐकलं की मला राग येतो, कारण ते ग्रामीण जवान म्हणजे आम्ही. शिरपूरचे, साक्रीचे, चाळीसगावचे, धडगावच्या डोंगरातले. नेमकं हेच वाक्य सरकारने महिला अधिकाऱ्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयात मांडलं होतं. जवान बहुतेक खेड्यातले, महिलेच्या हाताखाली काम करायची त्यांच्या मनाची तयारी झालेली नाही, असं. १७ फेब्रुवारी २०२० ला न्यायालयाने ते फेटाळलं आणि महिलांना स्थायी कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नेमणूक, द्यायला सांगितलं. मे २०२५ मध्ये पुण्याच्या एनडीए प्रबोधिनीतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. खेड्यातली पोरं काय करतायत? सॅल्यूट मारतायत. खेड्यातल्या पोराला हुकूम स्पष्ट हवा आणि साहेब सरळ हवा, बाकी त्याला फार चिकित्सा नसते. आमच्या गावात तमाशात लुगडं नेसून नाचणारा नाच्या पारावर सगळ्यांबरोबर बिडी ओढत बसायचा. त्याची टिंगल व्हायची, खोटं कशाला बोलू, पण त्याला गावाबाहेर कुणी काढलं नाही.

शिवाय फौजेला लायक कोण, हे ठरवणाऱ्यांचे अंदाज याच मातीत चुकलेले आहेत. सातपुडा-सातमाळ्यातल्या भिल्लांना कंपनी सरकार लुटारू समजायचं. १८२५ साली जेम्स आउट्रमने त्यांच्यातलीच माणसं घेऊन भिल्ल कोअर उभी केली, मुख्य ठाणं आपलं धरणगाव. ज्यांच्यापासून बंदोबस्त हवा होता तेच बंदोबस्ताला उभे राहिले. महारांनी इंग्रजांच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या तलवार चालवली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही ठरावीक जातीच लढाऊ असतात हे खूळ शिरल्यावर त्यांचीच भरती बंद झाली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ साल उजाडावं लागलं. अशा वेळी एक कारण हटकून सांगितलं जातं, 'बाकीचे यांच्याबरोबर राहणार नाहीत.' बाकीचे राहिले.

बाहेरच्या देशांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यांचं उदाहरण दिलं की 'ते पाश्चात्त्य' म्हणून लोक कान बंद करतात. ब्रिटनमध्ये बंदी होती. युरोपीय मानवाधिकार न्यायालयात हरल्यावर जानेवारी २००० मध्ये त्यांनी ती उठवली. राजीनाम्यांचा पूर येईल म्हणत होते, तो आला नाही. उलट २०२३ मध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी काढून टाकलेल्या जुन्या सैनिकांची संसदेत माफी मागितली. अमेरिकेने १९९३ मध्ये 'विचारू नका, सांगू नका' असा मधला मार्ग काढून पाहिला. त्याखाली तेरा हजारांहून जास्त माणसं नोकरीवरून काढली गेली, त्यांत अरबी जाणणारे दुभाषेही होते, तेही इराक-अफगाणिस्तानच्या धामधुमीत. २०११ मध्ये ते धोरण गुंडाळलं. इस्रायलने तर १९९३ मध्येच बंधनं काढली, आणि त्यांची फौज लढत नाही असं कुणी म्हणणार नाही. बरं, आशियातलं हवं असेल तर तैवान घ्या. तिथे ऑक्टोबर २०२० मध्ये सैन्याच्या सामूहिक विवाह सोहळ्यात दोन समलिंगी जोडप्यांची लग्नं लागली. दक्षिण कोरियात अजून जुनं कलम आहे, पण तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये ड्यूटीबाहेर, तळाबाहेर, राजीखुशीने झालेल्या संबंधांबद्दलची दोन सैनिकांची शिक्षा रद्द केली.

आता विरोधातल्या ज्या गोष्टीत दम आहे ती बोलू. बराक. पन्नास खाटा, मध्ये ट्रंका, एकच न्हाणीघर. पोस्टवर तर बंकरात आठजण, बुखारीभोवती (शेगडीभोवती) अंगाला अंग लावून झोपलेले. लोक विचारतात, तिथे कसं चालेल? माझं म्हणणं, आजही चालतंच आहे. असे जवान आत्ताही त्या बंकरात आहेत, फक्त सांगत नाहीत. उणे पंधरामध्ये माणूस एवढंच बघतो की पहारा बदलायला शेजारचा वेळेवर उठतो की नाही.

खरा धोका मला वेगळ्या ठिकाणी दिसतो, हुद्द्यात. फौजेत वरच्याची मर्जी म्हणजे सुट्टी, कोर्स, बढती, सगळं. वरच्याने खालच्यावर नजर टाकली तर खालचा 'नाही' म्हणू शकेल का? हे पुरुष-स्त्रीला लागू आहे तसंच पुरुष-पुरुषालाही. इथे कायद्यात एक भगदाड आहे, त्याबद्दल कुणी बोलत नाही. न्याय संहितेत बलात्काराची व्याख्या फक्त पीडित स्त्रीपुरती आहे. ३७७ गेलं तेव्हा पुरुषावर पुरुषाने केलेल्या जबरदस्तीचं वेगळं कलमही त्याच्याबरोबर गेलं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदाही स्त्रियांपुरताच. बराकीत एखाद्या रंगरूटावर असा प्रसंग आला तर हातात उरतं ते मुख्यतः हेच कलम ४६. म्हणून मी ते सरसकट खोडा असं म्हणत नाही. ते नव्याने लिहा. 'अनैसर्गिक' शब्द काढा आणि तिथे जबरदस्ती, धाक, हुद्द्याचा गैरवापर असं स्वच्छ लिहा. एकाच कमांडखालच्या वरिष्ठ-कनिष्ठांत संबंध नकोत, मग ते कुणाचेही असोत. आज त्या एका कलमात राजीखुशी आणि जुलूम एकाच मापाने मोजले जातात. त्यामुळे ज्याच्यावर जुलूम झाला तोही तक्रार करायला घाबरतो, न जाणो आपल्यालाच त्यात ओढतील.

उघडपणे राहू दिलं म्हणजे सगळं मिळालं असंही समजू नका. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. म्हणजे जोडीदाराला फॅमिली क्वार्टर नाही, कौटुंबिक पेन्शन नाही, काही बरंवाईट झालं तर खबर आईवडिलांच्या दारात. ते लढे वेगळे आहेत, त्यांना वेळ लागेल.

लग्नावरून आठवलं, तुम्हाला एक स्पष्ट सांगतो, थोरला भाऊ म्हणून. अग्निवीराला चार वर्षं लग्न करता येत नाही, तेवढी सवलत आपोआप मिळेल. त्यानंतर घरात सुरू होईल, 'पोऱ्या फौजमा शे, पोर पाहा.' नोकरीवाल्या मुलाला आपल्याकडे स्थळांची रांग लागते. लग्न केलं की सुधारेल, या भरवशावर कुणाची पोर आणू नका. मी अशा बायका पाहिल्या आहेत. नवरा दहा महिने बॉर्डरवर, दोन महिने घरी आणि तेव्हाही ओसरीवर झोपतो. सासू हिलाच विचारते, पाळणा का हलत नाही. त्या बाईने कुणाचं काय वाईट केलेलं असतं? तुम्ही घरी ढाल होऊन उभे राहिलात तर तुमच्या भावाला बाहेर निम्मी भीती उरणार नाही. त्या रेडिओवाल्या जवानाला असा एक भाऊ असता तर हवालदाराच्या धमकीत काही दम राहिला नसता.

भावाला जाऊ द्या. पळतो चांगला, अभ्यासाचं बघा, लेखी परीक्षेत आपली पोरं गणितात मार खातात. पलटणीत गेल्यावर फोनला कुलूप लावायचं, अनोळखी माणसाशी त्या विषयावर अक्षर लिहायचं नाही, फोटो तर नाहीच. कुणी धमकावलं तर पैसे द्यायचे नाहीत, पहिल्याच दिवशी सीनियर जेसीओकडे किंवा कंपनी कमांडरकडे जाऊन 'मला छळतायत, पैसे मागतायत' एवढंच सांगायचं. कारण सांगायची सक्ती नाही. आणि पुढेमागे प्रकरण उभं राहिलंच तर कोऱ्या कागदावर किंवा 'स्वखुशीने घरी जातो' अशा अर्जावर सही करायची नाही. नियमित जवानाला पेन्शन पंधरा वर्षांच्या नोकरीवर बसते. तेराव्या-चौदाव्या वर्षी समजुतीच्या गोड बोलण्याला भुलून सही केलेल्यांचं पुढचं सगळं आयुष्य रिकाम्या हाताने गेलेलं मी पाहिलंय. कारणे दाखवा नोटीस लेखी मागायची, उत्तर लेखी द्यायचं, दोन्हीच्या प्रती घरी पाठवायच्या. समरी कोर्ट मार्शल झालंच तर आपल्या बाजूने बसायला माणूस मागायचा हक्क असतो, त्याला 'फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्यूज्ड' म्हणतात. अन्याय वाटला तर कलम २६ खाली वरच्या अधिकाऱ्याकडे तक्रार, आणि तिथेही दाद लागली नाही तर सशस्त्र दल न्यायाधिकरण. त्याचं एक खंडपीठ मुंबईत आहे, धुळ्याहून रात्रीच्या गाडीने निघालं की सकाळी पोहोचता येतं.